अ‍ॅपवरचा आकडा कालचा, मोटार आजची

गेल्या काही वर्षांत आपल्या व्यापारी घरांच्या दारांत विजेवर चालणाऱ्या मोटारी दिसू लागल्या आहेत. त्यांचा हिशेब आपल्या दिनक्रमाला जुळतो. घर ते पेढी, पेढी ते बाजार समिती, तेथून गोदाम आणि परत घर, अशी ठरलेली धाव असते. रात्री मोटार आपल्याच जागेत उभी राहते आणि तेथेच चार्जिंगची सोय करता येते. मोटारीबरोबर मोबाईलवर तिचे अ‍ॅपही येते. बॅटरी किती टक्के भरली, चार्जिंग चालू आहे की थांबले, दारे बंद आहेत की नाहीत, मोटार कोठे उभी आहे, हे सारे घरबसल्या दिसावे अशी त्यामागची कल्पना. परंतु नव्या मालकांच्या तक्रारी ऐकाव्यात, तर त्यांतील बऱ्याच या अ‍ॅपबद्दलच असतात. मोटारीच्या पडद्यावर ९० टक्के दिसत असताना मोबाईल ४२ टक्क्यांवर अडून बसतो. मोटार दुकानासमोर उभी, आणि नकाशा ती काल भेट दिलेल्या मंगल कार्यालयाबाहेर दाखवतो. चार्जिंगची तार काढून दोन तास झाले, तरी अ‍ॅपच्या मते चार्जिंग चालूच आहे.

यात चिडण्यासारखे पुष्कळ असले तरी गूढ फारसे नाही, आणि व्यापाऱ्याला तर ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगावी. बँकेच्या पासबुकातील शेवटची शिल्लक ही खात्यातील आजची शिल्लक असतेच असे नाही; पासबुक ज्या दिवशी भरून घेतले त्या दिवसाची ती शिल्लक असते. त्यानंतर दोन धनादेश वटले असतील तर पासबुकाला त्याची गंधवार्ता नसते. मोटारीच्या अ‍ॅपवरील आकडा याच जातीचा आहे. तो मोटारीची शेवटची नोंद दाखवतो. ती नोंद केव्हाची, हे विचारल्यावाचून त्या आकड्याला काही किंमत नाही.

आकडा चुकला तर बिघडते काय, असे कोणी म्हणेल. एक साधा प्रसंग कल्पून पाहू. सांगलीच्या एका घरातील आजींना सकाळी ९ वाजता पुण्याच्या डॉक्टरांनी बोलावले आहे. पहाटे ४ ला निघायचे. अंतर सुमारे २३५ किलोमीटर, वाटेत खंबाटकी आणि कात्रज. रात्री सव्वादहाला मोटार चार्जिंगला लावली, अ‍ॅपवर ‘चार्जिंग चालू’ असे उमटले आणि सर्व जण निश्चिंत झोपले. साडेअकराला विजेचा दाब कमी-जास्त होऊन एमसीबी पडला. तळमजल्याखालच्या पार्किंगमध्ये मोबाईलचे जाळे क्षीण असल्याने चार्जिंग थांबल्याचा निरोप मोटारीबाहेर पडलाच नाही. रात्री दीडला कोणी जागे होऊन अ‍ॅप उघडले, तरी त्यावर ‘चार्जिंग चालू’ हेच शब्द. पहाटे मोटारीत बसल्यावर पडदा ४६ टक्के सांगतो. आता वाटेतला चार्जर शोधणे, तेथील रांग आणि आजींची अवघडलेली बैठक, असा सारा दिवस विस्कटतो. दोष चार्जिंगचा होता. पण तो वेळीच कळला असता तर उपाय पाच मिनिटांचा होता. शिळा आकडा घातक ठरतो तो असा. काहीच दिसले नसते तर कोणीतरी खाली जाऊन पाहून आले असते.

आकडा मोटारीतून मोबाईलपर्यंत येतो कसा

अ‍ॅप उघडल्यावर आपला मोबाईल थेट मोटारीशी बोलतो, असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात या वाटेवर चार-पाच मुक्काम आहेत. बॅटरीवर देखरेख करणारा एक छोटा संगणक मोटारीत असतो. बॅटरी किती टक्के भरली याचा अंदाज तो करतो. मोटारीतील अंतर्गत तारांच्या जाळ्यातून हा आकडा दळणवळणाच्या एका डबीकडे जातो. या डबीत स्वतःचे सिम असते, अँटेना असतो, आणि ठावठिकाणा कळावा म्हणून उपग्रहांचे संकेत टिपणारा भागही असतो. डबी तो निरोप जवळच्या मोबाईल टॉवरला देते. टॉवरकडून तो मोटार कंपनीच्या सर्व्हरवर पोचतो आणि तेथे वेळेसह नोंदला जातो. आपला मोबाईल या सर्व्हरला विचारतो, ‘या मोटारीची शेवटची नोंद काय?’ सर्व्हर आपल्या वहीत असेल ते सांगतो. मोटारीकडून सहा तास काही आले नसेल, तर तो सहा तासांपूर्वीचे सांगतो, आणि तेही तितक्याच ठामपणे.

माल निघाल्याची बिलटी हातात आली म्हणून माल गोदामात उतरला असे आपण कधी धरत नाही. पोच येईपर्यंत वाट पाहतो. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र चकचकीत पडदा आणि मोठ्या अक्षरांतील टक्केवारी पाहून ही सावधगिरी गळून पडते. अ‍ॅप बनवणाऱ्यांचाही येथे दोष आहे. टक्केवारी बोटाएवढ्या अक्षरांत आणि ‘शेवटची नोंद अमुक वाजता’ ही ओळ मुंगीएवढ्या करड्या अक्षरांत छापायची, ही रचना सोयीची मुळीच नाही. काही अ‍ॅपांत तर ती वेळ पाहण्यासाठी आणखी एक पान उघडावे लागते.

म्हणून पहिली सवय लावायची ती ही वेळ शोधण्याची. घरातील ज्यांच्या मोबाईलवर अ‍ॅप आहे, त्या प्रत्येकाला ती ओळ कोठे असते हे एकदा दाखवून ठेवावे. वेळ दहा मिनिटांपूर्वीची असेल तर आकड्यावर विसंबावे. वेळ काल रात्रीची असेल तर आकडा काल रात्रीचा समजावा आणि मोटारीपाशी जाऊन पडदा पाहावा. मोटारीचा पडदा आणि अ‍ॅप यांत मतभेद असेल तेव्हा पडद्याचे म्हणणे ग्राह्य धरावे, कारण तो बॅटरीच्या सर्वांत जवळचा साक्षीदार आहे.

मोटारीपाशी जाणे शक्य नसेल तर दुसरा साक्षीदार शोधता येतो. महामार्गावरील जलद चार्जर लावलेला असताना मोटार आपली टक्केवारी चार्जिंगच्या तारेतूनच चार्जरला कळवत असते. चार्जरच्या पडद्यावर आणि त्या चार्जर कंपनीच्या अ‍ॅपवर दिसणारा आकडा या वेगळ्या वाटेने आलेला असतो. मोटारीचे सिम बंद असले तरी तो खरा असू शकतो. घरातील मंदगती चार्जरची गोष्ट निराळी. त्याला बॅटरी किती भरली हे कळत नाही. किती वीज दिली एवढेच त्याला ठाऊक असते. पण तेवढ्यावरही त्रैराशिक मांडता येते. समजा, मोटारीची बॅटरी ४० युनिटांची आहे आणि अ‍ॅप ४२ टक्क्यांवर अडले आहे. चार्जिंगसाठी लावलेल्या वेगळ्या मीटरवर त्या नोंदीनंतर १३ युनिटे पडली आहेत. वाटेत सुमारे दहा टक्के वीज उष्णतेत जाते असे धरले, तर बॅटरीत गेली पावणेबारा युनिटांच्या आसपास, म्हणजे २९ टक्के. मोटार ७० टक्क्यांच्या घरात असली पाहिजे. एक-दोन टक्के इकडे-तिकडे होतील. निघावे की थांबावे हे ठरवायला मात्र एवढे पुरते. चार्जिंगला स्वतंत्र मीटर लावून घेण्याचे हे आणखी एक कारण. पेढीच्या खर्चात मोटारीची वीज वेगळी दाखवता येते हे तर आहेच.

दोष मोबाईलमध्ये की पुढे कोठे

आकडा वारंवार शिळा राहू लागला की निरोप कोणत्या मुक्कामावर अडतो हे शोधायचे. सर्वांत सोपी परीक्षा दुसऱ्या मोबाईलची. घरातील दुसऱ्या व्यक्तीचा मोबाईल घ्यावा, शक्यतो वेगळ्या कंपनीच्या सिमचा. घरचे वायफाय दोन्हींवर बंद करावे आणि दोन्ही अ‍ॅपांत शेवटच्या नोंदीची वेळ पाहावी. दोन्हींवर तीच जुनी वेळ असेल तर मोबाईल निर्दोष आहे; त्यातील अ‍ॅप काढून पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नये. एकावर ताजी आणि दुसऱ्यावर जुनी असेल तर त्या दुसऱ्या मोबाईलकडे वळावे. तेथे बहुधा कारणे ठराविक निघतात. मोबाईलची बॅटरी वाचवण्याची सोय चालू असते आणि ती अ‍ॅपला पार्श्वभूमीत काम करू देत नाही. अ‍ॅपची जुनी आवृत्ती असते. किंवा लॉगिन संपलेले असते आणि अ‍ॅप तसे न सांगता मोबाईलमध्ये साठवलेले जुनेच पान पुढे करते. अशा वेळी अ‍ॅपमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन केले, किंवा साठवलेली तात्पुरती माहिती पुसली, की काम भागते. काही कंपन्या एका वेळी एकाच मोबाईलवर लॉगिन चालू ठेवतात. दादांनी दुकानात लॉगिन केले की वहिनींच्या मोबाईलवरचे आपोआप संपते. त्यावर उपाय म्हणून कुटुंबीयांना स्वतंत्र नावाने जोडण्याची सोय अ‍ॅपमध्ये आहे का ते पाहावे; एकच सांकेतिक शब्द सहा जणांत वाटण्यापेक्षा ते केव्हाही बरे.

दुसरे निरीक्षण असे की, सर्वच माहिती शिळी आहे की एखादीच. टक्केवारी ताजी, दारांची स्थिती ताजी आणि ठिकाण तेवढे जुने, असे असेल तर दळणवळण ठीक आहे. मोटार छपराखाली असल्याने उपग्रहांचे संकेत तिला मिळत नाहीत, एवढेच. तळघरात उभी मोटार नकाशावर रस्त्यावर किंवा शेजारच्या इमारतीत दिसणे हा बिघाड नाही. उलट सारेच एका वेळेवर गोठलेले असेल तर वाट कोठेतरी तुटली आहे. ती सर्व्हरपाशी तुटली असेल तर त्याच मोटारीचे इतर मालकही त्याच वेळी तक्रार करत असतात. अशा वेळी आपण काही करायचे नसते, काही तास जाऊ द्यायचे. आपल्या एकट्याचीच तक्रार असेल तर मोटारीकडे जावे.

तेथे आधी तळघराची शंका घ्यावी. पुण्या-मुंबईच्या नव्या इमारतींत पार्किंग जमिनीखाली दोन-दोन मजले असते. आपला मोबाईल तेथे लागतो म्हणून मोटारीचेही सिम लागेल असे नाही. दोन्हींची कंपनी वेगळी असू शकते. मोटार उघड्या आकाशाखाली आणून दहा-पंधरा मिनिटे चालवावी, मग बंद करून कुलूप लावावे आणि थोड्या वेळाने अ‍ॅप पाहावे. नोंद ताजी झाली तर दोष जागेचा. त्यावर औषध नाही. फार तर गृहनिर्माण संस्थेला सांगून तळघरात मोबाईलचे जाळे पोचवण्याची सोय करून घेता येईल, आणि ते पैसे अडचणीच्या वेळी मदत मागण्यासाठीही कामाला येतील. मोटारीच्या पडद्यावरील सेटिंगमध्ये माहिती पाठवण्याची संमती बंद तर झालेली नाही ना, हेही याच वेळी पाहावे. सर्व्हिसिंगमध्ये नवी प्रणाली टाकली गेली की कधी कधी ही संमती नव्याने द्यावी लागते.

झोपलेली मोटार आणि दुर्लक्षित बारा व्होल्ट

आता या विषयातील सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत कमी माहीत असलेल्या भागाकडे येऊ. विजेच्या मोटारीत दोन बॅटऱ्या असतात. खाली पसरलेली मोठी बॅटरी चाके फिरवते. त्याशिवाय पेट्रोलच्या मोटारीत असते तशी बारा व्होल्टची एक लहान बॅटरी असते. दिवे, दारांची कुलपे, पडदा, सारे छोटे संगणक आणि दळणवळणाची ती डबी या लहान बॅटरीवर चालतात. मोटार बंद केली की सुरक्षिततेसाठी मोठी बॅटरी आतील स्विचांद्वारे बाकीच्या मोटारीपासून तोडली जाते. मग उभ्या मोटारीचा सारा भार या धाकट्या बॅटरीवर येतो. मोठ्या बॅटरीचा तो स्विच पुन्हा जोडायचा, तर त्यालाही वीज या धाकटीनेच पुरवायची. म्हणून धाकटी पूर्ण उतरली तर मोठी काठोकाठ भरलेली असूनही मोटार सुरू होत नाही. कित्येकदा चार्जिंगही घेत नाही. तिजोरीत लाखो रुपये आणि किल्ली मात्र हरवलेली, अशी ती अवस्था.

हे टाळण्यासाठी मोटार बंद केल्यावर काही मिनिटांत तिचे संगणक एकामागून एक झोपी जातात. दळणवळणाची डबी अर्धवट जागी राहते, अधूनमधून कान टवकारते. अनेक दिवस मोटार हललीच नाही तर काही मोटारींत हीसुद्धा पूर्ण झोपते आणि दार उघडेपर्यंत काहीही कळवत नाही. महिनाभर मुलाकडे परदेशी गेलेल्या कुटुंबाला अ‍ॅपवर तीन आठवड्यांपूर्वीची तारीख दिसते ती बहुधा याचमुळे. मोटार तेव्हा स्वतःला जपत असते. परत आल्यावर दार उघडून ती सुरू केली की नोंद ताजी होते.

अ‍ॅप उघडून वरून खाली बोट ओढले की पान ताजे होते, अशी आपली कल्पना असते. पुष्कळ अ‍ॅपांत या कृतीने फक्त सर्व्हरची वही पुन्हा वाचली जाते. मोटारीला प्रत्यक्ष उठवून नवी नोंद मागवण्याची कळ वेगळी असते आणि तिला उत्तर यायला मिनिटभर किंवा अधिक वेळ लागतो. तेवढा धीर नसतो म्हणून माणूस ती पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो. दरवेळी मोटारीतील संगणक जागे होतात, लहान बॅटरीतून वीज घेतात आणि परत झोपायला त्यांना काही मिनिटे लागतात. घरातील चार जणांनी दिवसातून दहा-दहा वेळा हे केले, किंवा दर पाच मिनिटांनी मोटारीला विचारणारे एखादे परके अ‍ॅप कोणी जोडले, तर आठवडाभर उभ्या मोटारीची लहान बॅटरी खाली येऊ लागते. ती अशक्त झाली की डबीला नीट बोलता येत नाही आणि नोंदी आणखी शिळ्या होतात. मग लोक आणखी दाबतात. निरोगी माणसाला रात्रभर उठवून ‘झोप लागली का’ असे विचारण्यापैकी हा प्रकार आहे. नवी नोंद एकदा मागावी, दोन मिनिटे थांबावे. आली नाही तर पंधरा मिनिटांनी आणखी एकदा मागावी आणि तेवढ्यावर सोडून द्यावे.

लहान बॅटरीचे आयुष्य साधारण ३ ते ५ वर्षांचे. मोटार घेऊन चौथे वर्ष लागले आहे, अ‍ॅप वरचेवर मागे पडते, कधी कुलूप उघडायला वेळ लागतो, पडद्यावर अनोळखी सूचना एकदम चार-चार येतात आणि पुन्हा सुरू केल्यावर नाहीशा होतात, अशी लक्षणे एकत्र दिसली तर प्रथम ती तपासून घ्यावी. विसावलेल्या आणि पूर्ण भरलेल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टच्या आसपास असतो. तो १२ वर आला तर ती जवळजवळ रिकामी आहे. हे काम सर्व्हिस सेंटरकडे सोपवावे. घरातील हौशी मुलांना एवढेच निक्षून सांगावे की नारिंगी आवरणाच्या तारांना कोणत्याही कारणाने हात लावायचा नाही. त्या मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या तारा आहेत. लहान बॅटरी उतरून दारे उघडेनाशी झाली, तर बहुतेक रिमोट-किल्ल्यांच्या पोटात एक साधी धातूची किल्ली असते. ती कोठे आहे आणि दाराला तिचे छिद्र कोठे लपवले आहे, हे एखाद्या रविवारी निवांतपणे पाहून ठेवावे. पावसात, काळोखात ते शोधणे जिकिरीचे होते.

सिमची मुदत

सर्व तपासून झाले, मोबाईल ठीक, जागा उघडी, लहान बॅटरी सशक्त, तरीही नोंद महिन्यापूर्वीची, असे असेल तर वर्गणी पाहावी. मोटारीच्या सिमची सेवा खरेदीनंतर काही वर्षे किमतीतच धरलेली असते. मग पैसे भरून ती पुढे चालू ठेवावी लागते. मुदत संपल्याची सूचना नोंदवलेल्या ईमेलवर येते, आणि तो ईमेल पुष्कळदा पेढीचा असतो जो दिवाणजींखेरीज कोणी उघडत नाही. विमा, पीयूसी, रस्ता कर यांच्या तारखा आपण जेथे लिहून ठेवतो तेथेच ही तारीखही लिहावी. हे सिम कोपऱ्यावरच्या मोबाईल दुकानात रिचार्ज होत नाही. यंत्रायंत्रांतील संभाषणासाठीच्या सिमना भारतात २०१८ पासून १३ अंकी क्रमांकांची स्वतंत्र योजना लागू झाली. आपल्या दहा अंकी क्रमांकांच्या जगापासून ती वेगळी आहे. व्यवहार मोटार कंपनीमार्फतच करावा लागतो.

मुदतीचा आणखी एक प्रकार आहे, जो पैसे भरूनही वाढत नाही. जपानच्या निस्सान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये अमेरिका व जपानमध्ये विक्रीस आली. मोठ्या प्रमाणावर खपलेल्या आधुनिक विद्युत मोटारींत ती आद्य म्हणावी लागेल. मोबाईलवर चार्जिंग पाहण्याची सोय तिच्यात प्रथमपासून होती. पण तिच्यातील डबी २जी जाळ्यावर बोलणारी होती. अमेरिकेत एटी अँड टी या कंपनीने १ जानेवारी २०१७ पासून आपले २जी बंद केले, आणि ज्यांनी डबी बदलून घेतली नाही त्यांचे अ‍ॅप मुके झाले. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच कंपनीचे ३जीही बंद झाले. ब्रिटनमध्ये निस्सानने २०१६ पर्यंत बनलेल्या लीफ आणि ई-एनव्ही२०० या मोटारींची अ‍ॅप सेवा १ एप्रिल २०२४ पासून थांबवली. मोटारी धावत राहिल्या. चार्जिंगची वेळ लावण्यासारखी कामे मोटारीत बसून करता येत होती. दुरून पाहणे आणि दुरून आज्ञा देणे तेवढे संपले. आज आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या मोटारी बहुधा ४जीवर बोलतात, तेव्हा हा प्रश्न उद्याचा नाही. तरीही दहा वर्षे वापरायच्या हिशेबाने मोटार घेताना विक्रेत्याला दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: अ‍ॅपची सेवा किती वर्षांची आणि नंतरची वर्गणी किती, तसेच जाळे बदलले तर डबी बदलून मिळेल का, आणि कोणाच्या खर्चाने. अ‍ॅपविना कोणती कामे अडतील हेही विचारून घ्यावे. उत्तर न देता विक्रेता पडद्याची रुंदी सांगू लागला, तर त्यावरूनही काही कळतेच.

सर्व्हिस सेंटरमध्ये तक्रार नेताना ‘अ‍ॅप चालत नाही’ एवढेच सांगितले तर ते मोबाईल हातात घेतील, अ‍ॅप काढून पुन्हा टाकतील आणि परत पाठवतील. त्याऐवजी आठवडाभराची छोटी नोंद न्यावी: तारीख, वेळ, मोटार कोठे उभी होती, पडद्यावर किती टक्के, अ‍ॅपवर किती टक्के, अ‍ॅपवर शेवटच्या नोंदीची वेळ कोणती, आणि दुसऱ्या मोबाईलवर काय दिसले. पडद्याचा फोटो आणि मोबाईलवरील पानाची प्रत एकाच वेळी घेतलेली असावी. बिलाशिवाय आलेल्या तक्रारीचे आपल्या दुकानात काय होते, ते आपण जाणतोच.

ही नोंद पाहते कोण

मोटार पेढीच्या नावावर असते, अ‍ॅप मात्र ज्याने डिलिव्हरी घेतली त्याच्या मोबाईल क्रमांकावर. बहुधा तो थोरला मुलगा असतो, कधी व्यवस्थापक, कधी चालकसुद्धा. वर्षाने व्यवस्थापक नोकरी सोडतो आणि नंतर लक्षात येते की ओटीपी त्याच्याच मोबाईलवर जातो. तोवर घरच्यांच्या अ‍ॅपवर आकडे गोठलेले असतात, आणि मोटार रोज कोठे जाते, किती वाजता घरी परतते, हे मात्र त्या जुन्या माणसाला ताजे दिसत असते. शिळ्या आकड्यापेक्षा ही गोष्ट कितीतरी गंभीर आहे. रोकड घेऊन बँकेत जाणारी मोटार असेल तर अधिकच.

यात अतिशयोक्ती नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन संगणक-सुरक्षा तज्ज्ञाने दाखवून दिले की, लीफच्या अ‍ॅपमागील यंत्रणा मोटारीच्या ओळख क्रमांकाखेरीज काहीच विचारत नाही. तो क्रमांक मोटारीच्या काचेतून कोणालाही वाचता येतो. इंग्लंडमध्ये उभ्या असलेल्या एका सहकाऱ्याच्या मोटारीची स्थिती त्यांनी ऑस्ट्रेलियात बसून पाहिली आणि तिचे वातानुकूलनही चालू करून दाखवले. निस्सानने लगोलग ते अ‍ॅप बंद ठेवले आणि दुरुस्तीनंतरच पुन्हा सुरू केले.

तेव्हा अ‍ॅपचे मुख्य खाते मालकाच्या किंवा भागीदाराच्या क्रमांकावर असावे. बाकीच्यांना त्यातून परवानगी द्यावी आणि काम संपले की ती काढून घ्यावी. जुनी मोटार विकताना अ‍ॅपमधून ती काढून टाकावी आणि मोटारीच्या पडद्यावरून मालकाची नोंद, जोडलेले मोबाईल व घराचा पत्ता पुसावा. जुनी मोटार विकत घेताना हेच काम विक्रेत्याकडून आपल्या समोर करून घ्यावे. मग आपल्या क्रमांकावर मोटार नोंदवावी, ती उघड्या जागी उभी करून कुलूप लावावे, नवी नोंद एकदाच मागवावी आणि अ‍ॅपवर त्या दिवसाची, त्या घटकेची वेळ उमटेपर्यंत थांबावे. व्यवहाराची उरलेली रक्कम त्यानंतर द्यावी.